सरकवलेली मुलगी

"हाच मोठा करून हवाय," समोरची बाई म्हणाली आणि तिने पिशवीतून शाळेतल्या वर्गाचा फोटो काढून काउंटरच्या काचेवर ठेवला. "भिंतीवर लावण्याएवढा. हिच्या पलंगासमोरच लावणार आहे, म्हणजे उठता-बसता दिसेल." ही म्हणजे बाईची मुलगी. सातवीत असावी. गणवेशातच आली होती आणि आईच्या मागे दोन पावलं सोडून, स्टुडिओतल्या भिंतीवरच्या अनोळखी जोडप्यांचे फोटो बघत उभी होती. "काय सांगू ताई, चार महिने डोकं खाल्लं हिने माझं. म्हणे वर्गात माझ्याजवळ कुणी उभं राहत नाही, माझा हात लागला की पुसतात. दोन मुलींची नावंही घेतली. मग गेले मी शाळेत तणतणत. तर वर्गशिक्षिकेने खणातून हा फोटो काढला. म्हणाली, ही तुमची मुलगी, ही डावीकडे एक आणि ही उजवीकडे दुसरी. खांद्याला खांदा. आता तुम्हीच सांगा. मी काय सांगणार, माझी मान खाली. मग हिला सगळ्या वर्गासमोर त्या दोघींची माफी मागायला लावली आणि प्रकरण मिटलं. जीव भांड्यात पडला बघा." एवढं बोलून बाई मोकळेपणाने हसली. माणूस डॉक्टरकडून बाहेर पडल्यावर हसतो, तसं. काउंटरमागे बसलेल्या तिने फोटो जवळ ओढून घेतला, मापं विचारली, शनिवारी दुपारी या म्हणाली, पावती फाडून दिली. हे सगळं तिच्या हातांनी आपापलं केलं. तिला स्वतःला मात्र मधल्या रांगेतली तिसरी मुलगी दिसली होती, आणि त्या मुलीला तिथे तिनेच उभं केलं होतं.

खरं तर काउंटर तिचं नव्हे. तिथला माणूस सर्दीने आडवा झाला म्हणून ती आठवडाभर पुढे बसत होती, एरवी तिची जागा मागच्या खोलीत, दोन पडद्यांसमोर, पाठीला उशी लावलेल्या खुर्चीत. एकोणीस वर्षं ती लोकांचे फोटो नीट करत आली होती. कुणाच्या गालावरचा फोड पुस, कुणाची टाय सरळ कर, मेलेल्या आजोबांना जिवंत नातवंडांच्या शेजारी बसव. वर्षातून एकदा शाळांचे फोटो येत आणि मग श्वास घ्यायला फुरसत नसे. फोटो काढायला जाई तो उंच, खर्जातल्या आवाजाचा फोटोग्राफर. त्याला दुकानात सगळे सरका म्हणत, कारण स्टुलावर चढला की त्याच्या तोंडून दुसरा शब्दच निघत नसे. सरका, अजून सरका, अहो पोटं आत घ्या आणि सरका. घरी बायकोलाही तो असंच म्हणतो, असा एक दुकानातला जुना विनोद होता आणि त्यावर सरका स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसे. तो प्रत्येक वर्गाचे लागोपाठ पाच फोटो काढी. पाचांतला बरा निवडायचा, त्यात ज्यांचे डोळे मिटलेले त्यांचे उघडे डोळे उरलेल्या चारांतून आणून बसवायचे, ओळी सारख्या करायच्या आणि दोघांच्या मधे कुठे फट दिसली तर ती बुजवायची, हे तिचं काम. पुठ्ठ्याची चौकट ठरलेल्या मापाची असे आणि फट राहिली की शाळा म्हणे वर्ग विस्कटलेला वाटतो. मागे विटांची भिंत असली तर फट बुजवणं म्हणजे चुटकीसरशी. मुलगी कापून घ्यायची, अलगद शेजारणीकडे सरकवायची, तिच्यामागची वीट जुळवायची. हा फोटो आला त्या आठवड्यात तिने बावीस वर्ग असे घट्ट करून दिले होते. कोण कुठून कुठे सरकलं हे लक्षात कोण ठेवतं, असं ती मनाशी म्हणाली. दुपारी डबा खाताना पुन्हा म्हणाली.

डबा तसाच ठेवून ती मागच्या खोलीत गेली आणि तिने त्या वर्गाचे पाचही मूळ फोटो उघडले. एरवी ती ते असे ओळीने कधी बघत नसे. जो कामाचा तो घ्यायचा आणि पुढे जायचं. आज एकामागून एक लावून बघितले. सगळं मिळून मिनिटभराचं काम असेल सरकाचं. पहिल्या फोटोत मधल्या रांगेतली तिसरी मुलगी एकटी उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा होती. वरची रांग, खालची रांग, सगळीकडे मुली एकमेकींच्या अंगावर चढल्यासारख्या, कुणी कुणाच्या वेणीला धरलेलं, आणि मधे हे असं, तोंडातला दात पडल्यावर दिसतं तसं. दुसऱ्या फोटोत ती डावीकडच्या मुलीकडे अर्धं पाऊल सरकली होती, म्हणजे तेवढ्यात सरका ओरडला असणार. तिसऱ्यात डावीकडची मुलगीही अर्धं पाऊल पलीकडे गेली होती, जागा होती तेवढीच राहिली होती. चौथ्यात मधल्या मुलीने डोळे मिटलेले होते आणि उजवीकडच्या मुलीने स्वतःची बाही दोन बोटांनी उचलून अंगापासून दूर धरली होती, ओल्या रंगाजवळ उभं राहिल्यासारखी. पाचव्यात सगळ्या हसत होत्या. मधलीही हसत होती. दोन्ही हात तिने पोटाशी घट्ट बांधून घेतले होते, कुणाला लागू नयेत म्हणून. त्या दोघी काही दुष्ट दिसत नव्हत्या. हेच तिला बघवेना. एकीच्या दातांना तार होती, दुसरीची रिबीन सुटली होती. अगदी कुणाच्याही घरातल्या, हाक मारली तर पाणी आणून देणाऱ्या मुली. त्यांनी काही केलंच नव्हतं, नुसत्या थोड्या लांब उभ्या होत्या. कुणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आम्ही कुठे काय केलं, आणि ते खरंच ठरलं असतं.

लांब उभं राहणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. ती शाळेत असताना तिच्या वर्गातल्या एका मुलीला सगळे ओली म्हणायचे. ओलीच्या तळहातांना घाम यायचा, वही धरली की पानावर डाग पडायचा, एवढाच तिचा गुन्हा. खेळ कुणी काढला हे कधीच कळलं नाही. असे खेळ कुणी काढत नाही, ते एक दिवस असतात. ओलीचा हात ज्याला लागला त्याने घंटा व्हायच्या आत तो दुसऱ्या कुणाला तरी पुसायचा, नाहीतर दिवसभर ओल त्याच्यावर. चाळीस मुलं हसत-खिदळत एकमेकांना पुसत सुटायची आणि ज्या मुलीवरून हे सगळं चालायचं ती बाकावर बसून पेन्सिलीला टोक करत राहायची, करून करून पेन्सिल बोटभर उरायची. आता गंमत अशी की ओली आणि ती एकाच इमारतीतल्या, एकाच जिन्याच्या. शाळा सुटल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दोघी रोज पत्ते खेळायच्या, आणि पत्ते ओले व्हायचे तर व्हायचे, तिला त्याचं काही वाटायचं नाही. संध्याकाळी ओलीची आई दोघींना एकाच ताटलीत खायला द्यायची. सकाळी शाळेच्या फाटकापाशी पोचलं की ती दहा पावलं पुढे निघून जायची. ओलीने कधी विचारलं नाही की तू पुढे का जातेस. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. उलट ओलीच फाटकाच्या आधी चपलेचा पट्टा नीट करायला वाकायची, म्हणजे तिला पुढे जायला निमित्त मिळावं. बाराव्या वर्षी ही मुलगी तिला सांभाळून घेत होती. आणि ती ते सांभाळून घेणं बिनदिक्कत घेत होती.

मग एकदा वर्गाच्या बाईंनी दोघींना टेबलापाशी बोलावलं. बाईंच्या कानावर काहीतरी गेलं असावं. "हिला कुणी त्रास देतं का गं? तू हिच्या शेजारची, तू खरं सांगशील," बाई म्हणाल्या. मागे सगळा वर्ग श्वास रोखून बसला होता, ते तिला पाठीच्या कातडीवर कळत होतं. ओली तिच्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या खडूकडे बघत होती. तोंड उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात तिने सगळा हिशेब केला होता: आपण हो म्हटलं तर उद्यापासून एक ओली आणि दुसरी आपण. "नाही बाई, आम्ही सगळ्या मैत्रिणीच आहोत," ती म्हणाली. बाईंनी ओलीला विचारलं, खरं का गं, आणि ओली म्हणाली, हो बाई. झालं. बाईंना बरं वाटलं. वर्गाला बरं वाटलं. त्या संध्याकाळी जिन्यावर पत्ते निघाले नाहीत, त्यानंतर कधीच निघाले नाहीत. वर्ष संपायच्या आत ओलीच्या वडिलांनी घर बदललं. जायच्या दिवशी ओली निरोप घ्यायला वर आली होती, दारात उभी राहून हाक मारत होती, आणि ती न्हाणीघरात कडी लावून, नळ सोडून बसली होती. आईने सांगितलं, ती आंघोळ करतेय गं. दुपारचे चार वाजले होते. चारला कोण आंघोळ करतं, हे ओलीला काय कळलं नसेल?

त्या दिवशी बसमधून घरी जाताना ती नेहमीसारखी दोघांच्या बाकावर एकटीच बसली. मधे एक म्हातारी चढली आणि ती आपोआप खिडकीकडे आक्रसली, म्हातारीचा पदर लागू नये इतकी. म्हातारीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उभीच राहिली. ही सवय कधीची? ओली गेल्यावर वर्गाला नवीन कुणीतरी लागणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून पुढची तीन वर्षं तिने स्वतःला असं जपलं की कुणाच्या फार जवळ नको, कुणाच्या डोळ्यात नको, हात रुमालाने कोरडे, हसू सगळ्यांच्याइतकंच. तिच्यावर ती वेळ आली नाही. ती वेळ येऊ न देण्यात मात्र तिचं सगळं आयुष्य खर्ची पडलं होतं, हे आज चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका बसमध्ये, कुणाशी बोलायची सोय नसताना तिच्या ध्यानात आलं. लग्न ठरता ठरता राहिलं तेव्हा तो माणूस म्हणाला होता, तुमच्याशी बोलताना मधे काच असल्यासारखं वाटतं. तिला त्याचा रागही आला नव्हता. घरी पोचून तिने दिवा लावला, भात टाकला. बहिणीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, सगळं ठीक. बहिणीने विचारलं, आवाज का असा, तर म्हणाली, काउंटरवर बोलून बोलून बसला. मग भात ढवळताना तिला आठवलं. आठवलं म्हणणंही खोटं, ते तिथेच होतं. ती मुलगी सरकवताना तिने ती जागा बघितली होती. बावीस वर्गांत फटी पुष्कळ होत्या, पण अशी दोन्ही बाजूंनी सारखी, जपून ठेवलेली जागा एकच होती. माऊसवरचा हात क्षणभर थांबला होता. तिने जिभेने च् केलं होतं, अरेरे म्हणतात तसं, आणि मग तिला शेजारणीला चिकटवून टाकलं होतं. आपण तिच्यावर उपकारच करतोय, असंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मालकांना सांगितलं की त्या बाईंना मूळ फोटो द्यायचा म्हणते. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि सगळं ऐकून घेतलं. "हे बघा बाई, वाईट मलाही वाटतं," तो म्हणाला. "पण उद्या ती आई मूळ फोटो घेऊन शाळेत जाणार, शाळा माझ्याकडे येणार की तुम्ही फोटोत फेरफार करता म्हणून. आपण करतोच, सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि हातात देणं वेगळं. तुम्ही कशाला मधे पडता?"

"मी आधीच पडलेय मधे," ती म्हणाली. "मीच तर सरकवली तिला."

"ते काम होतं तुमचं."

"हो, आणि त्या कामापायी त्या पोरीला माफी मागावी लागली."

मालकाने चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "मला विचारू नका मग," तो म्हणाला, "मी ऐकलं नाही असं समजा," आणि बाहेर चहा प्यायला निघून गेला. तेही एका परीने लांब उभं राहणंच होतं, पण त्याला नावं ठेवायचं तोंड तिला नव्हतं. तिने पहिला फोटो घेतला, जसाच्या तसा, एक केसही न हलवता, आणि भिंतीवर लावण्याएवढा मोठा छापून काढला. एकोणीस वर्षांत काहीही दुरुस्त न करता तिच्या हातून बाहेर पडलेला तो पहिलाच फोटो असेल. यंत्रातून तो हळूहळू बाहेर येत होता आणि ती उभी राहून बघत होती.

शनिवारी दुपारी मायलेकी आल्या. बाईने उत्साहाने कागद उलगडला, बघितला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "हा दुसराच दिलात की ताई. हा बरोबर नाही आलेला." मग तिने सांगितलं. काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकवून, आवाज न चढवता, पहिल्यापासून सांगितलं. पाच फोटो कसे काढतात, चौकट कशी असते, फटी कशा बुजवतात आणि ही फट तिने स्वतःच्या हाताने बुजवली ते. बोलताना ती बाईकडे बघत होती, मुलीकडे बघायचा धीर होत नव्हता. बाईने आधी तिच्यावरच आवाज टाकला, हा काय चावटपणा, लोकांच्या मुलांशी खेळता काय. मग ती मधेच थांबली. फोटोवर वाकून तिने मुलीच्या खांद्यापासून शेजारच्या खांद्यापर्यंत बोट फिरवलं, मग दुसऱ्या बाजूला. "मी हिला खोटारडी म्हटलं," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नव्हे. "शाळेतल्या बाईंच्या समोर म्हटलं. घरी दोन दिवस बोलले नाही हिच्याशी." आणि तोंडाला रुमाल लावून ती दाराबाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. काचेच्या दारातून तिचे हलणारे खांदे दिसत होते.

मुलगी आत राहिली. ती पुढे आली, आईने जिथे बोट फिरवलं होतं तिथे बघितलं आणि मग पहिल्यांदा वर बघून बोलली. आवाज तिच्या वयापेक्षा मोठा होता. "मावशी, मला सरकवलंत तेव्हा तुम्हाला ही जागा दिसली होती?"

नाही म्हणणं इतकं सोपं होतं. हजार चेहरे, बावीस वर्ग, कोण बघतं? तिच्या पाठीमागे आज कुणी बसलेलं नव्हतं, तरी पाठीची कातडी तशीच ताणली गेली.

"हो," ती म्हणाली. "दिसली होती."

मुलीने मान हलवली. रागावल्यासारखी नाही. एखादं उत्तर बरोबर आलं का ते पडताळून पाहावं, तशी. "मला आधी वाटलं होतं, त्या खरंच आल्या," ती म्हणाली. "फोटो वर्गात वाटले ना, तेव्हा. एकदा माझे डोळे मिटले होते फोटो काढताना. मला वाटलं, तेवढ्यात त्या जवळ आल्या असतील, मला कळलं नसेल. मी घरी जाऊन खूप वेळ बघितला फोटो. मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या रांगेत मी आपणहून त्यांच्यात जाऊन उभी राहिले. चिकटून."

"मग?" तिने विचारलं. विचारायला नको होतं, पण ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

"मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, हिला कुणी बोलावलं. आणि तेव्हापासून जास्त करतात."

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. मुलीने फोटोची गुंडाळी करायला घेतली. कागद मोठा होता, तिच्या हातात मावेना, म्हणून काउंटरमागून तिने दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून तो गुंडाळला. गुंडाळताना मुलीची बोटं तिच्या बोटांना लागली आणि मुलीने चटकन हात मागे घेतला, पुसलं जायच्या आधीच काढून घ्यायची सवय लागल्यासारखा. तिच्या आतलं सगळं एकदम बाहेर पडू बघत होतं, या मुलीचं आणि त्या दुसरीचंही, जिला आता कुठे शोधणार.

"माझं फार चुकलं गं," ती म्हणाली. "मी तुझी माफी..."

"नको ना मावशी," मुलगी घाईघाईने म्हणाली. गुंडाळीला रबर लावता लावता तिने दाराकडे, आईकडे एकदा बघितलं. "माफी मागितली की सगळे म्हणतात, आता मिटलं."

तिने माफी मागितली नाही. मुलगी गुंडाळी काखेत मारून बाहेर गेली, तिच्या आईने पायरीवर तिला जवळ ओढून घेतलं, आणि दोघी रस्त्याने निघून गेल्या. काउंटरमागे ती दोन्ही हात काचेवर ठेवून बसून राहिली. सरका आतून विचारत होता की पुढच्या शाळेचे फोटो आलेत, सुरुवात करायची का.